सलग सात दिवस

हौसाबाई नियम मोडत नाहीत, हीच माझी काळजी आहे. मोडणाऱ्यांपैकी असत्या तर त्यांची मुलगी भामा आज भिंतीपलीकडे चार नंबरच्या ब्लॉकमध्ये झोपलेली असती आणि इकडे मीही झोपले असते. पण भामा आज कोनला आहे. तिला नववा लागून अठरा दिवस झाले, पहिलटकरीण आहे, आणि रात्री कोनहून पनवेलला यायला काहीही मिळत नाही. दुपारपासून हे मनातून काढायचा प्रयत्न करते आहे. मुलाचा पाढ्यांचा अभ्यास घेतला, दुधाला विरजण लावलं, दाराची कडी तीनदा पाहिली. निघत नाही.

हौसाबाई खाडीकाठच्या, कामोठ्याकडच्या. वडील मिठागरावर. सातव्या वर्षापासून त्या मिठाच्या पाट्या वाहत होत्या. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात ते उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दरवाजातून, आणि मुकादमाने सांगितल्याशिवाय उघाडीला कुणी हात लावायचा नाही. एका वर्षी त्यांच्या थोरल्या भावाने आपल्या अकलेने ती उघडली. तयार मीठ पाण्यात गेलं आणि त्या वर्षी घरातल्या कुणालाच काम मिळालं नाही. हौसाबाई ही गोष्ट जराही वाईट न वाटून घेता सांगतात.

“भावाचा चुकला का मुकादमाचा, मना नाय म्हाइत. पन सांगल्याबिगर हात लावायचा नाय, ह्ये कळला.”

त्यांचं लग्न तुळशीरामांशी झालं. तुळशीराम आधी मिठाचा ट्रक चालवत, मग एस.टी.त लागले. एक दिवसाआड त्यांचा महाडला मुक्काम असतो. आमची सुविचार सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली तेव्हा बारापैकी अकरा ब्लॉक शिक्षकांनी, कारकुनांनी आणि कोर्टातल्या मंडळींनी घेतले. चार नंबरचा उरला, कारण त्याच्या खिडकीसमोर पाण्याची टाकी येते. तो तुळशीरामांनी घेतला. टाकी समोर आहे याचा त्यांना आनंदच झाला. पाणी आलं की आधी कळतं, म्हणाले.

मी पाच नंबरमध्ये राहते. आमची ओळख नियमांमुळे झाली. हौसाबाईंना वाचता येत नाही आणि नियम लिहिले होते मी.

संस्थेचे सेक्रेटरी दिनानाथ कर्णिक कोर्टात नाझर होते. निवृत्त झाल्यावर संस्था त्यांच्या हाती आली. मुंबईतल्या कुठल्याशा सोसायटीचे इंग्रजी नियम त्यांनी आणले आणि माझ्याकडे दिले. “वहिनी, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालात. जरा भारदस्त भाषेत उतरवा.” मी तेवीस कलमं उतरवली. लग्नानंतर बारा वर्षांनी माझ्या पदवीला कुणीतरी काम दिलं होतं. मी दोन आठवडे त्यावर बसले आणि स्वल्पविरामसुद्धा पुन्हा पुन्हा पाहिले.

कलम पाच: जिन्यात बसू नये. हौसाबाईंना गावी ओट्यावर बसून तांदूळ निवडायची सवय. त्यांनी मला ते कलम दोनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्यात उभ्या राहून तांदूळ निवडू लागल्या. कर्णिक वर जाताना थांबले, खाली येताना थांबले, आणि काही बोलले नाहीत, कारण बोलण्यासारखं काही लिहिलेलं नव्हतं.

कलम नऊ: गॅलरीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. एका शनिवारी तुळशीरामांचा खाकी सदरा सुकेना आणि त्यांना दोनची गाडी न्यायची होती. हौसाबाई तो सदरा दोन्ही हातांवर पसरून तासभर उन्हात उभ्या राहिल्या.

“हौसाबाई, हे काय?” मी विचारलं.

“कठड्यावर नाय घातला, वयनी. हातावर घातलाय.”

आतून तुळशीराम ओरडले, “हौसे, आता फिर. पाठ सुकायची हाय.” त्या फिरल्या.

कधीकधी मला वाटतं, हौसाबाई नियम पाळत नाहीत; आम्हाला ते पाळून दाखवतात. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की खात्री वाटत नाही. तिथे फक्त काम नीट झाल्याचं समाधान असतं.

आता कलम चौदा. ‘सभासदाकडे येणाऱ्या पाहुण्याने सलग सात दिवसांहून अधिक मुक्काम करू नये.’ कर्णिक म्हणतात, ते टाकीतल्या पाण्यासाठी आहे. ते खरंही आहे. पण ते गाळू नका असा आग्रह मी धरला होता, आणि तो पाण्यासाठी नव्हता. यांचे पेणचे चुलतभाऊ दाताच्या कामाला म्हणून आले आणि दोन महिने राहिले. दात पहिल्याच आठवड्यात काढला होता. त्यांना पहाटे पाचला आंघोळीचं पाणी लागे, वर्तमानपत्र आधी लागे, आणि माझ्या आमटीत काय कमी आहे ते रोज सापडे. यांना सांगून उपयोग नव्हता. नियम झाल्यावर कर्णिकांनी भावोजींना लेखी नोटीस दिली आणि ते गेले. मी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं.

‘सलग’ हा शब्दही माझाच. कर्णिकांच्या इंग्रजीत नुसते सात दिवस होते. सलग घातल्याने वाक्याला वजन येतं असं मला वाटलं.

भामा आठव्या महिन्याच्या सुरुवातीला माहेरी आली. तिचं सासर उरणकडे. फाटकावरच्या जगनने वहीत तिचं नाव लिहिलं आणि सातव्या दिवशी कर्णिकांची नोटीस आली. हौसाबाई ती घेऊन माझ्याकडे आल्या.

“वयनी, काय लिवलाय त्यान?”

मी वाचलं. त्यांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली.

“पावना कोन? भामा?”

“तसं म्हणतात खरं.”

“पोर बालतपनाला आली हाय. ती पावनी कशी?”

मी तशीच कर्णिकांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून वहीत रेघा मारत होते.

“दिनानाथराव, भामा पाहुणी नाही. माहेरवाशीण आहे.”

“माहेरवाशीण हा शब्द नियमांत नाही, वहिनी. तुम्हीच घातला नाहीत.”

“पण ती त्यांच्या कुटुंबातलीच ना?”

“कुटुंब म्हणजे रेशनकार्ड. लग्न झाल्यावर तिचं नाव सासरच्या कार्डावर गेलं. कार्डावर नाही तो पाहुणा. मी माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही सात दिवसांत पाठवला.”

“तो आजारी नव्हता.”

“आजारी ती तरी कुठे आहे?” ते म्हणाले. “तुम्हाला दुरुस्ती हवी असेल तर सर्वसाधारण सभा बोलावू. चौदा दिवसांची नोटीस लागते. मग मंजुरीला अलिबागच्या रजिस्ट्रारकडे.”

“तोवर ती बाळंत होईल.”

“तो वेगळा विषय. बाळ स्वतंत्र पाहुणा धरायचं की आईबरोबर, ते पाहावं लागेल.” आणि त्यांनी ते खरोखरच वहीत टिपून ठेवलं.

मला तिथेच सांगता आलं असतं की सभा बोलवा. एक सही करायची होती. पण कलम चौदा एकदा उघडलं की कोण कोण त्यातून आत येईल, हे मला दिसत होतं. भावोजींचा दुसरा दात हलतो असं पत्र नुकतंच आलं होतं. मी म्हटलं, “बघते,” आणि घरी आले.

स्वतःच्या पहिल्या वेळी मी आईकडे वाईला साडेतीन महिने होते. दिवस कुणी मोजले असतील तर ते फक्त माझ्या सासूबाईंनी.

हौसाबाई दारातच उभ्या होत्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “बरा. मंग सलग म्हंजी काय?”

“मध्ये खंड न पडता.”

“म्हंजी मधी एक रात भायेर काढली, का पुना सात?”

मी विचार केला. व्याकरणाने बरोबर होतं. “हो,” मी म्हटलं, “अर्थ तसाच होतो.” आपला शब्द कुणाच्या उपयोगी पडला याचं मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की अंगावर काटा येतो.

तेव्हापासून दर सात दिवसांनी भामा कोनला जाते. तिथे तिची मावशी गुणाबाई राहते, भातगिरणीच्या मागच्या घरात. एक रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी परत यायचं. हौसाबाई बरोबर जातात. पहिल्या दोन वेळा त्या एस.टी.ने गेल्या, मग भामाला पायरी चढवेना म्हणून टांगा केला. जगन वहीत ‘गेली’ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी ‘आली’ लिहितो. त्याचं अक्षर यात बरंच सुधारलं आहे.

“काय भामाबाई, हवापालट?” तो विचारतो.

“तुजी वही भरतंय,” भामा म्हणते. “नायतर तुला काम काय हाय?”

तिसऱ्या फेरीनंतर तुळशीरामांनी एकदा विषय काढला. दुपारची वेळ होती, ते गॅलरीत चहा पीत होते. “हौसे, जाव दे ना. काय करतील? पोरीला उचलून भायेर ठेवतील?”

“तुमी गाडी थांब्याशिवाय थांबवता का?”

“नाय.”

“मंग?”

तुळशीरामांनी चहा संपवला. वाद तिथे मिटला.

आजची सहावी फेरी. गेल्या आठवड्यात सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता लांब जाऊ नका, पाय सुजले आहेत, कधीही दिवस भरतील. सूतिकागृह आमच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आज चारच्या सुमाराला टांगा आला तेव्हा मी खाली गेले. भामा एक हात कमरेवर ठेवून उभी होती.

“आज नका जाऊ, हौसाबाई.”

“सात झाले ना.”

“मी बघते काय ते.”

“तुमी बघाल, वयनी. पन लिवलेला हाय.” त्या गाठोडं टांग्यात ठेवत होत्या. “आनी तुमीच लिवलाय. तुमी वंगाळ कशाला लिवाल?”

यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

भामा टांग्यात चढताना थांबली. “वयनी, सकालपासून कंबर भरून आली हाय. येती नि जाती.”

येते आणि जाते. मी दोन मुलांची आई आहे. सकाळपासून येणारी-जाणारी कंबर म्हणजे काय, ते मला कुठल्याही डॉक्टरीणबाईने सांगायची गरज नाही. आणि मी काय म्हणाले? “जपून जा.” वरच्या गॅलरीत कर्णिक उभे होते. त्यांच्यादेखत आपणच लिहिलेल्या नियमाविरुद्ध उभं राहायचं मला जमलं नाही. टांगा गेला. जगनने वहीत लिहिलं.

मग संध्याकाळी भाजी चिरताना सुचलं. भामा माझ्याकडे आली असं लिहिता आलं असतं. पाच नंबरची पाहुणी. पुन्हा सात दिवस, नवे, सलग. मधली भिंत एकच आहे. बाळंत होईपर्यंत चार आणि पाच एवढ्यातच फेऱ्या झाल्या असत्या. तेवीस कलमं लिहिणाऱ्या बी.ए. बाईला हे सुचायला सहा फेऱ्या व्हाव्या लागल्या.

तुळशीराम आज महाडला मुक्कामाला आहेत. यांना उठवून विचारलं. हे म्हणाले, “सकाळी बघू. हौसाबाई आहेत ना बरोबर.” हौसाबाई आहेत, तेच तर. कळा सुरू झाल्या तरी त्या मध्यरात्री पोरीला घेऊन निघणार नाहीत. रात्र बाहेर पुरी व्हायला हवी, नाहीतर खंड पडला नाही असं होईल. त्या गुणाबाईच्या पडवीत उजाडायची वाट पाहत बसतील, आणि पहिल्या वेळी उजाडेपर्यंत काय काय होऊ शकतं याची माझ्याकडे मोठी यादी आहे. ती इथे लिहीत नाही.

कोनच्या भातगिरणीत फोन आहे. मालक गिरणीतच झोपतात आणि त्यांचा ट्रक दारात असतो. भामानेच मागे सांगितलं होतं की त्याच्या आवाजाने पहाटे झोप मोडते. आमच्या इमारतीत फोन एकच आहे, कर्णिकांकडे. रात्री नऊनंतर दुसऱ्या सभासदाचं दार वाजवू नये हे कलम एकोणीस आहे. त्यातलं ‘कोणत्याही सबबीवर’ माझं.

आता सव्वाअकरा झालेत. मी कर्णिकांचं दार वाजवणार आहे. ते विचारतील कशासाठी, सांगेन, फोनसाठी. ते विचारतील सभा बोलवायची का. सांगेन, उद्या सही करते, भावोजी आले तर येऊ देत. मग एक्स्चेंजला कोनची भातगिरणी मागेन आणि मालकांना सांगेन की ट्रक काढा, गुणाबाईंच्या घरून भामाला घ्या आणि थेट पनवेलच्या सूतिकागृहात आणा, मी तिथे दाराशी उभी आहे. हौसाबाई हलणार नाहीत. त्यांना म्हणावं, ज्या बाईने लिहिलं तिचाच फोन आहे, आणि ती म्हणते, निघा.