झुबिदाचं नाव कुणी घेतलं नाही

उत्तर आफ्रिकेतलं ट्यूनिस सोडून फोर्त्युने झर्बिब पॅरिसजवळच्या सार्सेलला आली ती नवी नवरी म्हणून, आणि तिथल्या एकाच इमारतीत म्हातारी झाली. लोकांचे पडदे, पोरींचे लग्नाचे झगे शिवत तिनं संसार केला. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. खालच्या मजल्यावरच्या झुबिदाशी तिचं विशेष जमायचं. दोघी मिळून बाजारात जायच्या आणि भाजीवाल्याला अरबीत शिव्या घालायच्या.

एका शनिवारी तिचा नवरा मार्दोशे सिनेगॉगमधून प्रार्थना करून घरी येत होता. बसथांब्यापाशी तीन तरुणांनी त्याच्या डोक्यावरची टोपी ओढली, "घाणेरडा यहुदी" म्हणत त्याला खाली पाडलं आणि लाथा घातल्या. थांब्यावर माणसं उभी होती. कुणी नजर फिरवली, कुणी मोबाइल काढला. धावली ती एकटी झुबिदा.

"लाज नाही वाटत? आजोबाच्या वयाचा माणूस आहे!" असं ओरडत ती मधे घुसली. तिघं पळाले. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती रस्त्यावर मार्दोशेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली: 'बाचाबाचीत वृद्ध जखमी.'

"बाचाबाची?" फोर्त्युनेनं हॉस्पिटलच्या खाटेवर पेपर आपटला. "तू काय बोललास रे त्यांना?"

"तोंड उघडायच्या आत दात पडला," मार्दोशे म्हणाला. त्याला हसू आलं आणि बरगडीत कळ गेली.

मग कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि वारं पालटलं. एका पक्षाचा पुढारी फुलं घेऊन आला, पाठोपाठ दुसऱ्या पक्षाचा त्याहून मोठी फुलं घेऊन. टीव्हीवाले घरी आले. फोर्त्युने त्यांच्यापुढे मन मोकळं करून बोलली.

"भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण हे नीट दाखवा. माझ्या नवऱ्याला वाचवलं ते झुबिदानं. मुसलमान आहे ती, माझी शेजारीण. तिचं नाव सांगा."

"नक्की सांगतो," बातमीदार म्हणाला.

संध्याकाळी टीव्हीवर तिचा चेहरा दिसला. "भीती वाटते," एवढंच ती म्हणाली, आणि लगेच पडद्यावर बाजारातल्या डोक्याला रुमाल बांधलेल्या मुसलमान बायका आल्या. झुबिदाचं नाव आलंच नाही.

फोर्त्युनेनं टीव्हीवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वेळ फार कमी असतो. आणि आता तो विषय मागे पडलाय."

"अगं, माझ्या घरात नाही ना पडला!" ती म्हणाली. फोन बंद झाला होता.

ती तशीच खाली गेली.

"मी तुझं नाव सांगितलं होतं गं. पोरांची शपथ."

"मला ठाऊक आहे," झुबिदा दारातच उभी राहून म्हणाली. "पण माझ्या सुनेला बसमध्ये एकानं ऐकवलं, तुम्हा लोकांमुळे म्हाताऱ्यांनी बाहेर पडायची सोय उरली नाही. तिला मी काय सांगू? आता घरात सगळे म्हणतात, तू मधे पडलीसच कशाला?"

आत ये, असं झुबिदा म्हणाली नाही.

रविवारी चौकात निषेधाची सभा झाली. मार्दोशेच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो मोठा करून लोकांनी हातात धरला होता. तो व्हिडिओच बनावट आहे, असं लिहिणारेही निघाले. मार्दोशे सभेला गेला नाही. सिनेगॉगला जायचंही त्यानं सोडलं. त्या तिघांतला एक सापडला, बाकीचे नाहीत.

"आई, इकडे या आता," इस्रायलमधल्या नेतान्या गावाहून लेक फोनवर म्हणायची.

"तिथं सायरन वाजला की जिन्यावरून पळायचं. तुझ्या बापाला चालवत नाही," फोर्त्युने म्हणायची.

एकदा लिफ्टमध्ये दोघी समोरासमोर आल्या.

"कसे आहेत ते?" झुबिदानं विचारलं.

"बरे आहेत."

झुबिदाचा मजला आला. ती उतरली. तिला हाक मारावी असं फोर्त्युनेच्या फार मनात आलं, पण हाक मारून पुढे काय बोलायचं ते कळेना, आणि तोवर दार मिटलं.