बुजवलेलं धुराडं

चाकणजवळच्या आमच्या नव्या बंगल्यात शेकोटीसाठी भिंतीत कोनाडा होता, वर धुराडं. थंडीआधी ते साफ करायला राजगुरुनगरचा एक म्हातारा गवंडी आला. त्यानं कोनाड्यात मूठभर उदबत्त्या पेटवल्या. धूर वर न जाता खोलीतच पसरला. आम्ही गच्चीवर गेलो. धुराड्याला शिडी लावून, वर पाहून तो लालबुंद चेहऱ्यानं उतरला. बिल्डरनं धुराड्याचं तोंड सिमेंटनं बुजवलं होतं.

“शेकोटी पेटवून दारं लावून झोपला असता, तर सकाळी उठला नसता.”

मी तिथूनच बिल्डरला फोन करून वाट्टेल ते बोललो. म्हातारा छिन्नी घेऊन पुन्हा शिडीकडे वळला.

“त्यो नालायक हायेच. पण घर घेताना तुमी एकदाबी वर चढून बघितलं न्हाई व्हय?”

मी फोन बंद केला आणि शिडी धरली.