सातव्या बीटातलं राहिलेलं घर

आमच्या पोस्टात एक माणूस होता, त्याला सगळे पाठांतरकाका म्हणायचे. नाव मीच ठेवलं आणि ते चिकटलं. पोस्टमनच्या रोजच्या फेरीला आम्ही बीट म्हणतो. अशी अकरा बीटं, आणि प्रत्येक बीटातलं घर न् घर, ज्या क्रमानं आम्ही चालत जातो त्याच क्रमानं, काकांना तोंडपाठ. भिंतीला टेकवलेल्या लाकडी खान्यांसमोर ते उभे राहायचे आणि पत्रं सपासप आपापल्या खान्यात जायची. पाकिटावर नुसतं 'दवाखान्यामागच्या आजी' एवढंच लिहिलेलं असलं तरी हात अडायचा नाही. "या तिसऱ्या बीटातल्या. कुत्रं आहे, सांभाळून जा," की पत्र खान्यात.

सकाळचा तो तासभर आम्ही अकराजण त्यांच्याभोवती घोटाळत असायचो. सातवं बीट माझं. माझा खाना नेमका त्यांच्या कोपराशी, म्हणून बोलणी खाण्यात माझा पहिला नंबर. बायको गेल्यापासून काकांच्या घरात दुसरा आवाज नव्हता. दिवसभराचं बोलणं ते त्या एका तासात उरकून घ्यायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचो. आता त्याची लाज वाटते.

डावीकडे, सगळ्यात खालचा खाना त्यांचा स्वतःचा. त्यात महिन्या-पंधरा दिवसांनी एक जाड पाकीट पडायचं, त्यांच्या आक्काचं. आक्का म्हणजे थोरली बहीण. दुसऱ्या गावी एकटीच, कान पार गेलेले. फोनचा उपयोग शून्य, आणि मोबाइलवरची अक्षरं तिला दिसेनात. म्हणून पत्रं. त्यातही दोघांचा लहानपणापासूनचा नियम होता: पत्र आलं की उत्तर द्यायचं, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही. काका ते पाकीट सकाळीच खिशात घालायचे. पोस्टातल्या माणसानं आपलं पत्र दुसऱ्याच्या खांद्यावरून घरी कशाला पाठवायचं? त्यांचं घर माझ्याच बीटात, पण इतक्या वर्षांत त्यांच्या दारात मी एकदाही पत्र टाकलं नाही.

मग यंत्र आलं. आमच्याकडे नव्हे, शहराबाहेरच्या मोठ्या केंद्रात. ते म्हणे पत्ता वाचतं आणि पत्रं थेट चालायच्या क्रमानं लावून देतं. आम्ही फक्त ट्रे उचलायचे. पण तो क्रम यंत्राला कुणीतरी सांगायला हवा ना! त्यासाठी केंद्रातून लॅपटॉप घेऊन एक मुलगी आली. काका आणि ती सहा आठवडे मागच्या खोलीत बसली होती. काका डोळे मिटून चालायला लागायचे. "हिरवं फाटक. मग जिना चढून दोन दारं. उतरलीस की उजवीकडे चष्मेवाला..." आणि ती भराभर टाइप करायची. काका इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. कुणीतरी सहा आठवडे त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेत होतं, तेही लिहून.

त्यानंतर ट्रे यायला लागले. लाकडी खाने गोदामात गेले आणि काकांना मागे पार्सलच्या काट्यावर बसवलं. आम्ही दहा मिनिटांत ट्रे उचलून पसार. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. काका चहाचा कप घेऊन दारात उभे असायचे.

"काय रे सातवं, आज घाई?"

"उद्या बोलू काका."

असे बरेच उद्या गेले.

एका सकाळी त्यांनी मला सायकल स्टँडवरच गाठलं. तीन महिन्यांनी ते रिटायर होणार होते. "आक्का किती वर्षं मागे लागलीय, माझ्याकडे राहायला ये म्हणून. या खेपेला मी लिहिलं, खरंच येऊ का? दोन महिने झाले, उत्तर नाही."

"अहो, मग परत लिहा की!"

"पाळी तिची आहे."

"पाळी गेली खड्ड्यात, काका."

"तसं नाही रे. ती आपली बोलायचं म्हणून बोलत असेल. मी खरंच विचारलं आणि तिची पंचाईत झाली. आता पुन्हा विचारून तिला अजून कशाला अडचणीत टाकू?" आणि ते हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही, पण माझा ट्रे भरलेला होता. मी निघालो.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंना एक पत्र आलं. त्यांनी दारातच फोडलं, चष्मा लावला आणि मला परत हाक मारली. "अहो, हे नक्की माझंच आहे ना? वाचा बरं."

मी वाचलं.

'शिवणवाल्या बाईंना नमस्कार. आपली ओळख नाही. माझा भाऊ पत्रात तुमच्या मशीनच्या आवाजाबद्दल लिहायचा, म्हणून त्याच्या पुढच्या नंबरावर हे पाठवते आहे. त्याला लिहिलेली माझी चार पत्रं "असं घर नाही" असा शिक्का बसून परत आली. तो स्वतः पोस्टात आहे. तो असता तर असं होऊच दिलं नसतं. तो कधी गेला, एवढं कळवाल का? मला ऐकू येत नाही, दोन ओळी लिहा. मी त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती.'

ते पत्र मी बाईंकडून मागून घेतलं. शेजारी काकांच्या दाराला कुलूप होतं. आक्काची चारही पत्रं आमच्यापर्यंत आलीच नव्हती, केंद्रातूनच परत गेली होती. आणि मी दोन महिने रोज त्याच दारावरून जात होतो.

फेरी अर्धी टाकून जाणं हा गुन्हा आहे. मी टाकली. काका काट्यापाशी लेबलं चिकटवत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डोळे मिटले आणि बोटांवर घरं मोजायला लागले.

"निळं फाटक. पाण्याच्या टाकीजवळचे गुरुजी. मग... मग शिवणवाल्या बाई." बोट थांबलं. "बघ. त्या मुलीला सगळ्यांची घरं सांगितली. माझं तेवढं सांगितलंच नाही."

आणि ते रडले, पार्सलांच्या मधे उभे राहून, अगदी लहान पोरासारखे. मीही रडलो, लपवत नाही.

त्यांनी रजेचा अर्ज खरडला. साहेबांनी मान वर न करता सही केली. काका पिशवी काखोटीला मारून निघाले, तेव्हा मी म्हटलं, "आधी चिठ्ठी तरी टाका काका. तुम्हाला असं अचानक बघून घाबरतील त्या."

"पत्र नको आता."

"अहो पण दार वाजवलं तर त्यांना ऐकू कुठे येणार?"

"तिचं टेबल खिडकीपाशी आहे, तिथंच बसून लिहिते ती," काका म्हणाले. "मी समोर उभा राहीन, ती वर बघेपर्यंत."