ते आहेत का?

आई मशेरी लावायची, पण मशेरी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळी हिरड्यांना लावल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. तरी मशेरीबद्दल बोलायची वेळ आली की ती फक्त 'ते' म्हणे. 'ते संपलं.' 'ते कुठं ठेवलंस गं?' आणि बाबांबद्दल बोलतानाही 'ते'च. 'ते आले का?' 'ते जेवले का?' आमच्या घरात या दोघांनाच नाव नव्हतं. कोणाबद्दल चाललंय ते क्रियापदावरून ओळखायचं.

ती बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली. तिथं बायका ओटीवर बसून, गप्पा मारत, एका डबीतली मशेरी सगळ्याजणी लावत. लाजायचं काय त्यात! पण लग्न होऊन ती उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका चाळीत आली आणि इथं मशेरीची पुडी दुकानातून, चार परक्या पुरुषांसमोर मागायची म्हटल्यावर तिची जीभच टाळ्याला चिकटली. मग बाबाच शहाडच्या कारखान्यातून परतताना डब्याच्या पिशवीतून पुडी आणायचे. न बोलता ओट्यावर ठेवायचे. आईही न बोलता उचलायची. दुसऱ्यांच्या घरी गजरे येत असतील, आमच्याकडे हे यायचं.

मी पाचवीत असताना बाबा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर पुडी आणायचं काम माझ्याकडे आलं.

दुकान माझ्या शाळेच्या समोरच होतं. सिंधी शेठ, गोल चेहऱ्याचा, सतत घाम पुसणारा. दुकानाच्या दर्शनी भागात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असायच्या, लाल, हिरव्या, सोनेरी. त्यांच्या खालीच पेपरमिंटच्या बरण्या आणि खोडरबर. गोळी घ्यायला हात पुढे केला की तंबाखूची माळ कपाळाला लागायची. मला काही बोलावं लागत नसे. लाल पुडीकडे बोट केलं की झालं. आई सांगायची, सरळ घरी ये, पुडी फोडू नकोस, हात लावलास तर हात मोडीन. मी हो म्हणायचे आणि वाटेत पुडीचा वास घेत यायचे. खोटं कशाला बोलू, तो वास मला आवडायचा.

एके दिवशी आमच्या मोठ्या बाई दोन शिक्षकांना घेऊन समोरच्या सगळ्या दुकानांत जाऊन आल्या. शाळेसमोर तंबाखू विकूच नये असं त्यांचं म्हणणं होतं, नियमही तसाच होता. पण निदान मुलांना दिसेल अशी ठेवू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका, एवढ्यावर तडजोड झाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आठवड्याभरात माळा पुन्हा जागच्या जागी आल्या. आमच्या शेठनं मात्र मनावर घेतलं. त्याचीही मुलगी शाळेत जाणारी होती. त्यानं सगळ्या पुड्या मागच्या फळीवर नेल्या आणि पुढे पडदा लावला. पडदा कसला, घरातली जुनी चादर होती, मोठमोठ्या सूर्यफुलांची.

मी नेहमीसारखी गेले तर बोट करायला जागाच नव्हती. "बेटा, तुला नाही देणार," शेठ म्हणाला. "मम्मीला पाठव." मी पाय आपटत घरी आले. म्हटलं आता आई त्याची चांगली खरडपट्टी काढणार. आई उलट खालीच बसली.

"बरं केलंन त्यानं," ती म्हणाली. "मी पन अशीच जायाची चुलतीची पुडी आनाया. येता येता बोट बुडवायचं. कोनी शिकवलं नाय मला. वाटंनंच शिकले."

त्यानंतर तिनं मशेरीशिवाय दोन दिवस डोकं धरून काढले. तिसऱ्या दिवशी पदर नीट केला, माझा हात धरला आणि दुकानाशी आली. गर्दी होतीच. चाळीतल्या दोघी-तिघी, काही पुरुष. आईचा नंबर आला.

"काय पायजे, मावशी?"

"ते द्या."

"ते म्हणजे काय? साबण? पावडर?"

"ते... आतलं. ते आहे का?"

पडद्याआड कितीतरी 'ते' होते. शेठ वैतागला. "असं ते-ते नाही चालणार, मावशी. आतमध्ये दहा आयटम आहे. नाव घ्या, नाव!"

त्या बिचाऱ्याला नाव सांगा म्हणायचं होतं. पण मराठी बाईला चारचौघांत 'नाव घ्या' म्हटलं की त्याचा अर्थ एकच, उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्या. शेजारणी फिस्सकन हसल्या. एक तर बोलून गेली, "घ्या की हो, लाजताय काय नव्या नवरीसारख्या!" आणि मग तिला आईचं रिकामं कपाळ दिसलं. तिनं जीभ चावली. विधवेला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

आईनं त्या सूर्यफुलांच्या चादरीकडे पाहिलं. मग मान वर करून, स्वच्छ आवाजात म्हणाली:

"शाळेसमोर दुकान, दुकानात पडदा आडवा,
...रावांचं नाव घेते, शेठ, मशेरी दाखवा!"

टिंबांच्या जागी तिनं बाबांचं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. मी ते शाळेच्या दाखल्यावर वाचलं होतं, रेशन कार्डावर पाहिलं होतं, पण तिच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं. आणि मशेरीसुद्धा पहिल्यांदाच. इतकी वर्षं दाबून ठेवलेले दोन्ही शब्द तिनं एका दमात बाहेर काढले. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले.

शेठला काही कळलं नव्हतं. तो चादरीमागे डोकं घालून शोधत होता. "...राव? हा कुठल्या कंपनीचा आहे, मावशी? आपल्याकडे नाही येत."

आई हसली. बाबा गेल्यानंतर मोठ्यानं हसली ती तेव्हाच. जीभ चावलेल्या शेजारणीनं शेठला कानात सगळं समजावून सांगितलं. त्यानं घाम पुसला, हात जोडले आणि लाल पुडी कागदात गुंडाळून दिली.

पुढच्या वेळी आई गेली तेव्हा त्यानं चूक भरून काढायचं ठरवलं असावं. आईनं विचारलं, "ते आहे का?" आणि तो अदबीनं उठून म्हणाला, "आहेत, मावशी. आत आहेत."

त्याचं मराठी यथातथाच. मान द्यायचा म्हणजे शेवटी एक त लावायचा, एवढंच त्याला ठाऊक. पण त्या एका त-नं पुडीचा माणूस झाला. आई पुडी घेऊन घरी आली आणि त्या दिवशी भात करपला. तेव्हापासून तिनंही आपला प्रश्न बदलला. "ते आहेत का?" ती विचारायची. "आहेत. आत आहेत," शेठ म्हणायचा. कुणी हसायचं नाही.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, आणि आईला घेऊन आम्ही बदलापूरला राहायला आलो. माझी मुलगी झाली त्या आठवड्यात आईनं मशेरीची डबी कचऱ्यात टाकली. नातीचा पापा घेताना तोंडाला वास नको, म्हणाली. बाळाच्या बारशापर्यंत तिची फार चिडचिड झाली, माझ्याशी भांडली, पण परत हात लावला नाही.

उल्हासनगरला जाणं मात्र सुटलं नाही. दर महिन्याला पिशवी घेऊन निघायची. विचारलं तर म्हणे, तिथली साखर चांगली असते. साखर कुठं कॅम्पाची आणि बदलापूरची वेगळी असते का? मी तिच्यामागे भुणभुण करायचे, पाय दुखतात आणि जायचं असतं, असं. शेवटी एकदा मीच तिच्याबरोबर गेले.

दुकान तेच. सूर्यफुलांची चादर जाऊन निळा पडदा आला होता. आईनं अर्धा किलो साखर घेतली, पिशवीत ठेवली. मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "ते आहेत का?"

"आहेत, मावशी. आत आहेत," म्हाताऱ्या शेठनं उत्तर दिलं आणि जागेवरून हललासुद्धा नाही. पुडी काढली नाही, तिनंही मागितली नाही. मान हलवली आणि निघाली. मी तिची पिशवी घेतली. त्यानंतर मी साखरेवरून कधी टोकलं नाही.

यंदा आई गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मला तिचा आवाज हवासा वाटायचा, अगदी भांडणाचासुद्धा. सकाळी चहा उकळताना लहानपणीसारखा मशेरीचा करपट वास येईल म्हणून उगाच थांबायचे. एका रविवारी पिशवी घेतली आणि उल्हासनगरला गेले.

गल्ल्यावर शेठचा मुलगा होता, शेठ मागे स्टुलावर. मला एकटीला पाहून शेठला कळलं. त्यानं कपाळाचा घाम पुसला, नंतर डोळेही पुसले. मी अर्धा किलो साखर मागितली. मुलानं पुडा बांधून दिला. मला निघता येईना.

"शेठ," मी म्हणाले, "ते आहेत का?"

तो स्टुलावरून उठला. त्याला उठायला वेळ लागला. पडद्याच्या कडेवर हात ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आहेत, बेटा. आत आहेत."

मी त्या निळ्या पडद्याकडे बघत उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुमचं झालं असेल तर जरा सरका ना." मला सरकवेना.