तीनशे ठिपके आणि एक गोल पिन

आचरा तिठ्यावर इनासचं दुकान आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर व मोबाइल दुरुस्ती' असं लिहिलंय, पण आत शिरलं की भंगारवाल्याने थोडी प्रगती केल्यासारखं वाटतं. इनास वीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. बाकीचे बोटीवरून सोनं आणतात, अत्तर आणतात. हा पत्र्याची ट्रंक भरून वायरी घेऊन आला. चपट्या पिनेची वायर, गोल पिनेची वायर, जुनी हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला जोडायचा अडॅप्टर, आणि तो अडॅप्टर ज्याला बसत नाही त्याच्यासाठी आणखी एक अडॅप्टर. जगातल्या कंपन्या दर तीन वर्षांनी भोकाचा आकार बदलतात त्या निव्वळ इनासचा संसार चालावा म्हणून, अशी माझी खात्री आहे.

त्याची बायको पिएदाद शिक्षिका. शाळेत ती मुलांना जुन्या वस्तू जपायला शिकवते आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणते, "ता भंगार एकदा खंयतरी टाकून येवा."

इनासचा हात चांगला, हे मान्य करावंच लागतं. तोंडाबद्दल मात्र बोलायची सोय नाही. सहा वर्षांपूर्वी त्याचा जिवलग दोस्त सत्यवान याने होडीवरचं जीपीएस मशीन दुरुस्तीला दिलं. या मशीनमध्ये समुद्रातल्या जागांचे ठिपके साठवलेले असतात. कुठे सुरमई मिळते, कुठे खडप आहे, म्हणजे पाण्याखालचा जाळं फाडणारा खडक, सगळं नावानिशी. इनासने मशीन झकास करून दिलं आणि चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, जेवणावर सुरमईचा एक ठिपका आपल्या मामेभावाला सांगून टाकला. आठ दिवसांत ती जागा साफ झाली. सत्यवानने इनासचं तोंड बघणं सोडलं. यंदा मे महिन्यात सत्यवान गेला, तोवर दोघांचं बोलणं नव्हतं.

जुलैअखेर सत्यवानचा मुलगा दत्तप्रसाद तेच मशीन पिशवीत घालून दुकानात आला. तळेऱ्याच्या गॅरेजातली नोकरी सोडून त्याने बापाची होडी घेतली होती. नवं मशीन आणलं होतं. जुन्याचा पडदा काळा पडलेला, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

"इनासकाका, माका मशीन नको. ह्येच्यातले पॉइंट होये."

"मालवणात जा. थंय एसी लावलेली दुकाना आसत."

"जावन इलंय. तेंच्याकडे ही गोल पिन नाय."

हे ऐकून इनास असा फुलला की शेजारी बसलेल्या मला बाकावर जागा उरली नाही.

गोल पिनेची वायर ट्रंकेच्या तळाशी निघाली. तिचं दुसरं टोक नऊ पिनांचं, म्हणून त्याला यूएसबीचा अडॅप्टर. नवा लॅपटॉप त्या अडॅप्टरला ओळख दाखवेना, अगदी निवडून आलेल्या उमेदवारासारखा. मग माळ्यावरचा जुना लॅपटॉप उतरवला. त्याने ओळख दाखवली, पण नव्या मशीनचं मेमरी कार्ड त्याच्यात शिरेना, म्हणून कार्ड रीडर. अशी तीन दिवस वरात चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी यादी पडद्यावर आली. तीनशे चार ठिपके.

यादीत सुरमई नव्हती, खडपही नव्हतं. सासू १, सासू २, तलाठी, मावशी, डॉक्टर, अशी माणसंच माणसं. (यातली काही नावं मी इथे बदललीत. दत्ताच्या शिव्या कोण खाणार?) इनासच्या लगेच लक्षात आलं. त्याच्या तोंडाचा अनुभव घेतल्यावर सत्यवानने सगळी नावं बदलली होती, होडीवर कोणी डोकावलं तरी कळू नये म्हणून.

दत्ताचा चेहरा उतरला. मावशीवर जाळं टाकायचं की मावशीपासून लांब पळायचं? एक चूक झाली तर जाळं खडपात, आणि हंगाम सोडून महिनाभर शिवत बसणं. शेवटी त्याने आपल्या आईला, सीतेला, दुकानात आणलं. सत्यवानने घरी बसून शिव्या घालत ती नावं बदलली होती आणि ते तिने ऐकलेलं.

"जेंच्यार राग, ती खडपा," ती म्हणाली. "जी बरी माणसा, थंय मासो. सासू म्हणजे माजी आवस. खडप. तलाठी खडप. मावशीकडे सुरमय."

"आणि दत्ता?" यादीतल्या आपल्याच नावावर बोट ठेवत दत्ताने विचारलं.

"बांगडो," आई म्हणाली.

गावाबद्दलचं इतकं खरं मत कुठल्या मतपेटीतून निघालं नसेल. आम्ही हसत होतो. मग इनास १ आलं. इनास २. बारापर्यंत.

सीता इनासकडे वळली. म्हणाली, "ता नाव काढून टाका ओ. मेलल्या माणसाचो राग कित्याक सांभाळतास? सरळ 'खडप' लिवा."

इनासच्या डोळ्यांत पाणी होतं. नाव पुसायची इच्छा त्याच्या बोटांपर्यंत आलेली मला दिसली.

"नको, वयनी," तो म्हणाला. "'खडप' लिवलंय तर कोणय वाचतलो. सत्यवानान लपयला ता माज्याकडसून परत फुटूक नको."

आणि त्याने बाराच्या बारा इनास कार्डावर चढवले, कार्ड नव्या मशीनमध्ये घातलं आणि लॅपटॉपवरची यादी आमच्यासमोर पुसून टाकली.

ऑगस्टपासून दत्ताची होडी जाते आणि जाळं धड घेऊन परत येते. समुद्रात त्याचे खलाशी ओरडतात, "इनास इलो, इनास इलो, जाळा वर घेवा!" शेजारच्या होड्यांना ते ऐकू जातं आणि संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचतं. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "इनासा, तुजा नाव घेवन जाळा कित्याक वडतत रे?"

"माका काय म्हायत?" म्हणतो इनास, आणि खाली मान घालून वायर सोलत बसतो.