नळाच्या दिवशी भरीत नाही

सकाळचे सहा पन्नास. झुंबरबाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी उलटताहेत. वय सदुसष्ट. जागा जळगाव-असोदा रस्त्यावरची नवी कॉलनी, प्लॉट नंबर एकवीस. सहा वर्षांपूर्वी ही सगळी त्यांची साडेचार एकर कपाशी होती. प्लॉट पडले तेव्हा त्यांनी एक राखला. त्यावर दोन खोल्या, पुढे अंगणात ही भट्टी. हिवाळ्यात कॉलनीवाले पिशवीतून वांगी आणून देतात आणि तासाभराने लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत घेऊन जातात.

घरांचे नंबर झुंबरबाईंना पाठ नाहीत. घराखाली काय होतं ते पाठ आहे. बँकेतलं जोडपं 'विहिरीवरचे'. शाळेतल्या मयुरी मॅडम 'बांधावरच्या'. सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र यांच्या बंगल्याच्या जागी शेणखताचा ढीग असायचा, म्हणून ते 'उकिरड्यावरचे'. पार्सलवाले झुंबरबाईंनाच पत्ता विचारतात, आणि 'उकिरड्यावरचे' अशी हाक रस्त्यावरूनच मारतात.

डिसेंबरात सेक्रेटरींची नोटीस आली. धुराने वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो, भट्टी बंद करावी, रविवारी अकराला बैठक. शेत गेल्यावर झुंबरबाईंच्या हाताला हे एकच काम उरलं होतं. तेही गेलं तर धुळ्याला राहायला जायचं, असं तिथल्या मुलाने, अमृतने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिथे तिसरा मजला आणि गॅस.

त्या रविवारी आठ वाजता सेक्रेटरींच्या आई, धरणगावच्या प्रमिलाबाई, पाच किलो वांगी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या.

"एरंडोलचे व्याही येऊ राहिले. बठ्ठा बारा जण शेतस. गॅसवरचं भरीत त्यांच्यापुढे ठेवू का?"

"तुमच्या पोरानंच बंद कराले सांगतलं ना."

"बैठक अकराला शे. आता आठच वाजले."

झुंबरबाईंनी वांग्यांना तेलाचा हात लावला.

बैठकीत हितेंद्र धुरावर बोलत असताना त्यांच्या शर्टाला भरिताचा वास येत होता. डबे त्यांनीच उचलून घरी नेले होते. लोकांनी तो ऐकून घेतला, म्हणजे हुंगून. मग मयुरी मॅडमनी विचारलं, "नळ येतो एक दिवसाआड. धुणं आपण नळाच्या दिवशीच काढतो. मधल्या दिवशी दोऱ्यांवर वाळतंय काय?"

काहीच वाळत नव्हतं. घरून दुसऱ्यांदा फोन आला, पाहुणे पानावर बसले होते. हितेंद्र घाईत म्हणाले, "ठीक. मधल्या दिवशी पेटवा. पण अक्का, एक अट. मला उकिरड्यावरचा म्हणायचं नाही."

"मंग काय म्हनू?"

"सेक्रेटरी म्हणा."

झुंबरबाईंनी थोडा विचार केला. "भाऊ, सेक्रेटरी दरसाल बदलते. उकिरडा तीस वरीस तिथीच व्हता. तुमचा पेरू उगाच लगडते का?"

ही अट इतिवृत्तात आलेली नाही. बाकी ठराव एकमताने झाला. त्याची प्रत भट्टीशेजारच्या भिंतीला चिकटवलेली आहे, धुराने एका कडेला पिवळी पडलेली.

आज मधला दिवस, म्हणून नऊ पिशव्या ओळीने ठेवल्या आहेत. उद्या नळ आहे. सव्वासहाला पाणी येईल, आणि झुंबरबाई धुराचा वास बसलेली आपली दोन लुगडी धुतील.