हरताळाच्या दिवशीची काकडी

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी कौसल्येनं नवरा फार थोडा पाहिला होता. राजाराम लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर कापड विणायचा आणि ती कणकवलीपलीकडच्या गावात सासूपाशी राहायची. मे महिन्यातला पंधरवडा आणि चतुर्थीचे चार दिवस, एवढाच काय तो संसार. त्या दिवसांतला राजाराम हसरा असे, खळ्यात बसून सगळ्या वाडीला मुंबईच्या गोष्टी सांगे. मग सासू वारली, घराला कुलूप लागलं, आणि चैत्रात तो कौसल्येला मुंबईला घेऊन आला.

इथं आल्यावर तिला भेटला तो झोपलेला राजाराम.

त्याची रातपाळी होती. सकाळी तो केसांत कापसाचे तंतू घेऊन यायचा, नळावर अंघोळ करायचा, चहात पाव बुडवून खायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. खोलीतला दुसरा माणूस म्हणजे त्याचा चुलतभाऊ गणपत. तो दिवसपाळीला जायचा आणि वहिनी आल्यापासून रात्री गॅलरीतच पथारी टाकायचा. म्हणजे दिवसभर त्या खोलीत दोघंच, एक जागं आणि एक झोपलेलं.

कौसल्येनं बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या. भांडं ठेवताना खाली फडकं घ्यायची. बाहेर रस्त्यावर ट्रामची घंटा वाजे, खाली 'मुंबई आमची' म्हणत पोरांचा घोळका जाई, पण खोलीत पाण्याखाली असावं तसं वाटे. उन्हाचा एक चौकोन खिडकीतून उतरायचा आणि दुपारभर फरशीवरून सरकत राजारामच्या पायांशी यायचा. तो पायांवर चढू नये म्हणून ती जुन्या लुगड्याचा पदर खिडकीला बांधायची.

उकाड्यात त्याला गरम जेवण नको व्हायचं. एकदा झोपेतच तो म्हणाला, "तवसां हाडलंस?" तवसं म्हणजे गावच्या परसातली पावसाळी काकडी. ती इथं कुठली मिळायला? पण शेजारची कांता भायखळ्याच्या बाजारात गेली, तिनं कोवळ्या हिरव्या काकड्या आणून दिल्या.

तेव्हापासून दुपार म्हणजे काकडी असं ठरूनच गेलं. काकडीचं टोक कापून तेच तिच्यावर घासायचं, कडू फेस निघून जाईपर्यंत. साल काढायची आणि काकडी तळहातावर उभी धरून सुरीनं चोचवत राहायची. टक टक टक, अगदी हलक्या हातानं. मग कैरीची बारीक फोड, हिरवी मिरची, खवलेलं खोबरं, लिंबू. कांता साताऱ्याकडची. ती दारातून डोकावून म्हणायची, "अगं, दाण्याचं कूट घाल की मूठभर. नुसत्या खोबऱ्यानं काय होतंय?" कौसल्येनं घालून पाहिलं आणि तिला ते आवडलं. फोडणी तडतडते म्हणून ती कांताच्या शेगडीवर करून आणायची. पळीत हिंग-मोहरी घेऊन, पळीवर ताटली झाकून, चोरपावलांनी.

काकडी चोचवता चोचवता ती झोपलेल्या माणसाशी बोलू लागली. आधी सहज, मग रोजच. आणि तो उत्तर द्यायचा. कधी म्हणायचा, "धागो तुटलो," आणि त्याची बोटं हवेत गाठ मारायची. कधी गावच्या बैलाचं नाव घेऊन त्याला वळवायचा. एका दुपारी तिनं विचारलं, "तुमका हंय बरा वाटता की घराकडे?"

बऱ्याच वेळानं भिंतीकडून आवाज आला, "तू असतंस थंयसून वारो येता."

म्हणे ती असते तिथून वारा येतो. त्या दिवशी तिनं कोशिंबिरीत मीठ दोनदा घातलं.

वैशाखात एक दिवस संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. आदल्या संध्याकाळी कर्णा घेऊन माणसं चाळीचाळीतून सांगत फिरली. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्राम बंद. त्या रात्री राजाराम घरीच झोपला आणि सकाळी भोंगा झालाच नाही. इतकं शांत झालं की कावळ्याच्या पंखांचाही आवाज आला. गणपत पहाटेच सभेच्या कामाला निघून गेला होता.

राजाराम उठून बसला. दिवसा जागं राहून काय करायचं हे त्याला सुचेना. गॅलरीत गेला, परत आला, पाणी प्यायला. कौसल्या त्याच्याकडे बघत होती आणि तो कुठं बघावं ते शोधत होता. गावी तो साऱ्या वाडीशी बोलायचा, पण एकट्या तिच्याशी बोलायची पाळी कधी आलीच नव्हती. तिला वाटलं, हा कुणी पाहुणा आहे. आपला माणूस तर भिंतीकडे तोंड करून असतो.

बाजार बंद होता. घरात दोनच काकड्या होत्या. कांतानं गाजर दिलं, समोरच्या सुंदराबाईंनी कोवळा मुळा आणि कैरी दिली. कौसल्या विळीशी बसली, तसा राजाराम पुढं झाला.

"काकडी मी करतंय."

त्यानं ती तळहातावर धरली. साच्यावर तुटलेला धागा क्षणात जोडणारी बोटं ती, पण काकडीपाशी गडबडली, निम्मे तुकडे फरशीवर पडले. कौसल्या हसली. मग त्याच्या मनगटाला धरून तिनं सुरीचा घाव कसा हलका ठेवायचा ते दाखवलं. आज कुणी झोपलेलं नव्हतं, तेव्हा फोडणी खोलीतच केली. मोहरी मनासारखी तडतडली आणि हिंगाचा वास खिडकीबाहेर गेला.

"तुमी निजेत बोलतास," ती म्हणाली.

"काय बोलतंय?"

"सगळा."

तो कानापर्यंत लाल झाला. "कामाचा काय बोललंय?"

"धागो तुटलो म्हणालात. बैलाक हाक मारलीत." आणि परातीत लिंबू पिळत तिनं वाऱ्याचंही सांगितलं.

राजारामनं परातीतली कोशिंबीर चमच्यानं न घेता बोटांनी उचलली, सावकाश चावली. मग म्हणाला, "ता खरांच आसा. जागो असताना माका सांगूक येत नाय, इतक्याच."

खालून मोर्चा चालला होता. घोषणा जवळ आल्या, चाळ हलल्यासारखी झाली, आणि दोघं कठड्याशी जाऊन उभी राहिली. राजाराम खाली उतरून मोर्चात शिरला. तिसऱ्या प्रहरी घसा बसवून परत आला, आणि बसलेल्या आवाजानंच बोलायला लागला. साच्यांचा आवाज डोक्यात कसा राहतो, पहिल्या वर्षी किती रडला होता, आईचं शेवटचं पत्र आलं तेव्हा तो कुठं उभा होता. संध्याकाळी ट्राम नव्हत्या, म्हणून चालत चालत दोघं प्रभादेवीपलीकडे समुद्रावर गेली. मुंबईत येऊन कौसल्येनं समुद्र अजून बघितलाच नव्हता. ओहोटी होती. ओल्या वाळूवर आकाश पडलं होतं आणि त्यातून राजाराम तिच्या पुढं चालत होता, मागं वळून बोलत बोलत.

दुसऱ्या दिवसापासून रातपाळी पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली, आणि महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात राजारामला दिवसपाळी मिळाली. तोवर तो जागेपणी इतकं बोलायला शिकला होता की गणपत कंटाळून गॅलरीत जाऊन बसायचा.